ताबा माझ्याकडे

त्या वर्षी ऐन उन्हाळ्यात गावच्या अध्यक्षांची पांढरीशुभ्र गाय सकाळी चरायला गेली ती दुपारी निळी होऊन परत आली. पूर्ण नाही, पोटापर्यंत. वरून पांढरी, खालून निळी. अख्ख्या घराने तिला साबण लावला, राख लावली, रॉकेल लावलं. गाईने सगळं निमूट सोसलं, पण रंग काही सोडला नाही. दूध पांढरंच देत होती बिचारी, पण ते तोंडाला लावायची हिंमत कोणाची होईना.

गाय ज्या ओढ्यात उतरली होती तो बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याच्या मागच्या भिंतीखालून यायचा. कारखाना बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. जागा नऊ एकर. गाय निळी होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत ती सगळ्यांना हवी होती. भिंतीवर तीन पाट्या होत्या: नियोजित मैदान, नियोजित मंडई आणि नियोजित दवाखाना. गाईची तक्रार झाली, तक्रारीची केस झाली, आणि केसमध्ये कोणीतरी विचारलं, "जागा कोणाची? ज्याची असेल त्यानं साफ करायची." दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही पाट्या गायब. खिळेसुद्धा उपटून नेले होते.

"भोकं तेवढी ठेवली," गेटवरचा वॉचमन बायकोला म्हणाला. आत जाऊन त्याने रजिस्टरमध्ये लिहिलं: 'पाट्या ३, बाहेर. गेटपास नाही.'

या माणसाला गावात सगळे 'चार्ज' म्हणायचे. कारखाना चालू होता तेव्हा गेटवर दोन वॉचमन असत, दिवसाचा आणि रात्रपाळीचा. पाळी बदलताना एकाने रजिस्टरमध्ये लिहायचं, 'चार्ज दिला.' दुसऱ्याने लिहायचं, 'चार्ज घेतला. ताबा माझ्याकडे. सर्व ठीक.' कारखाना बंद झाला त्या दिवशी दुसरा वॉचमन आलाच नाही. त्याला कोणीतरी सांगितलं होतं, याला सांगायचं राहून गेलं. आता चार्ज घ्यायला माणूस नाही म्हटल्यावर चार्ज सोडून जायचं कसं? सकाळी त्याने लिहिलं: 'चार्ज दिला: मी. चार्ज घेतला: मी. ताबा माझ्याकडे. सर्व ठीक.' मग रोज तेच. पगारही येत राहिला, कारण तो बंद करायचं काम ज्या कारकुनाकडे होतं त्यालाच सगळ्यांत आधी काढून टाकलं होतं.

महिन्याच्या महिन्याला तो रजिस्टरची कार्बन कॉपी हेड ऑफिसला पोस्टाने पाठवायचा. उत्तर कधी आलं नाही.

"साहेब लोक वाचत असतील," तो म्हणायचा.

"वाचून गप्प बसत असतील," बायको म्हणायची. "तुमच्यासारखेच."

दोघं गेटला लागून असलेल्या खोलीत राहायची. एक खिडकी, तीही गेटकडे. बायकोने दाराशी अकरा बादल्यांत भाजी लावली होती. माती तिने डोक्यावरून आणलेली, दुसऱ्याच्या रानातली. कारखान्याच्या जमिनीत काही उगवत नव्हतं, आणि उगवलंच तर वाकडं उगवायचं. बोअरचं पाणी प्यायचं नाही, त्याने भांडी घासली तरी बोटांना भेगा पडायच्या. म्हणून ती रोज दोन खेपा करून शेजारच्या विहिरीवरून पाणी आणायची. त्यांच्या दोन शेळ्यांच्या पायांत कायमचे निळे मोजे होते.

आणि वरच्या गावात त्यांच्या स्वतःच्या दोन खोल्या होत्या. कौलारू, दारात गोड्या पाण्याची विहीर. त्यांना अकरा वर्षं कुलूप. बायको वर्षातून दोनदा जाऊन कौलं सारखी करून यायची आणि आली की दोन दिवस बोलायची नाही.

"कोणीतरी चार्ज घ्यायला आलं की निघू," तो म्हणायचा.

"हो. मला न्यायला चौघं येतील, त्यातल्याच एकाला द्या."

शेजारच्या शेताच्या मालकाला लोक हातभरराव म्हणायचे. दर वर्षी पेरणीआधी तो कारखान्याच्या बाजूचं तारेचं कुंपण हातभर आत सरकवायचा. हातभरच, जास्त नाही. लोभ असला तरी माणूस शिस्तीचा होता. गाय निळी झाल्याचं कळताच मात्र हातभरराव पहार घेऊन आला आणि भर दुपारी कुंपणाचे खांब उपटायला लागला.

"काय हातभरराव, उलटं का चाललंय?" चार्जने विचारलं.

"मला कशाला पाहिजे दुसऱ्याची जमीन?" हातभरराव घाम पुसत म्हणाला. "आपण सरळ माणूस."

अकरा हात मागे सरकून तो थांबला. मग त्याला वाटलं, रंगाचं काय सांगावं, आणखी थोडं सरकलेलं बरं. आणखी थोडं करता करता त्याने स्वतःचीच जमीन चांगली तीस हात सोडून दिली. कुंपण पक्कं ठोकून, तार ताणून तो मागे वळला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की घरचा संडास पलीकडे राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हातभरराव डबा घेऊन गेटवर हजर.

"आत जायचंय."

"नाव, वेळ, येण्याचं कारण," चार्जने रजिस्टर पुढे केलं.

"अरे, कारण काय लिहू? दिसत नाही का?"

"मी 'खाजगी' लिहितो. वेळ सहा वाजून दहा. लवकर ठरवा, रकाना कोरा ठेवता येत नाही."

तेव्हापासून रजिस्टरमध्ये रोज सकाळी एक नोंद वाढली. 'इसम १, आत. कारण खाजगी. इसम १, बाहेर.'

आठवड्याभराने शिपाई आला आणि नोटीस गेटला न चिकटवता थेट खोलीच्या दाराला चिकटवून गेला. चार्जने ती उभ्याउभ्या वाचली, मग चष्मा लावून वाचली, मग बायकोला वाचून दाखवली. नोटिशीत लिहिलं होतं की कंपनी म्हणते जागा विकली. घेणारा म्हणतो ताबा कधी मिळालाच नाही. गावची कचेरी म्हणते आमचा काही संबंध नाही. मात्र कंपनीच्या वकिलांनी हजर केलेल्या रजिस्टरच्या प्रतींवरून, जागेचा ताबा अकरा वर्षं सदर वॉचमनकडे असल्याचं त्याच्याच सहीने दिसतं. कायद्याप्रमाणे ज्याचा ताबा त्याची जबाबदारी. सबब सदर वॉचमनने तीस दिवसांत नऊ एकरांवरचा दीड फूट थर काढून जागा साफ करावी, न केल्यास त्याच्या मालकीच्या घरावर जप्ती येईल.

बायको खाली बसली. "घर म्हणजे? ही खोली?"

"ही कुठे आपली आहे? वरच्या गावातल्या दोन खोल्या."

ती बराच वेळ नोटिशीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे वाचत होते की हो साहेब लोक."

दुसरा कोणी असता तर वकिलाकडे धावला असता, अध्यक्षांच्या पाया पडला असता, निदान रडला असता. चार्जने पहाटे उठून रजिस्टर भरलं, हातभररावला आत घेतलं, बाहेर सोडलं आणि टिकाव, फावडं, घमेलं घेऊन कोपऱ्यात खणायला सुरुवात केली.

"नऊ एकर?" बायको कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"सुरुवात तर करू."

"घमेल्यानं?"

"घमेलं नको असं नोटिशीत कुठे लिहिलंय?"

तिने कपाळाला हात लावला, पदर खोचला आणि घमेलं उचललं. जमीन वरून राखाडी, खाली वीतभर गेलं की निळी, आणखी खाली जांभळट, आणि वास असा की घशात पैसा अडकल्यासारखं वाटायचं. टिकाव मारला की खालून खणखण आवाज यायचा, कुठे जुनी वीट, कुठे पत्रा. तो खणायचा, ती वाहायची. दुपारी दोघं पिंपाच्या सावलीत बसून गार चहा प्यायची. त्याच्या कंबरेत उसण भरली तेव्हा तिने त्याला पालथं झोपवून पाठ तुडवली, आणि तिच्या तळव्यांचे दोन निळे ठसे त्याच्या बनियनवर उठले.

माती टाकायची कुठे हा प्रश्न होता. गेटबाहेर न्यायची तर मॅनेजरच्या सहीचा गेटपास हवा, आणि मॅनेजर अकरा वर्षांपूर्वीच गेलेला. म्हणून माती आतच, दुसऱ्या कोपऱ्यात. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी दोन खाटांएवढी जागा साफ केली होती. चौथ्या दिवशी सकाळी वारा सुटला आणि ढिगातली अर्धी माती परत जागेवर येऊन बसली.

चार्ज फावड्यावर हनुवटी टेकून बघत राहिला. "हिला सवय झालीय इथली," तो म्हणाला.

"मला नाही झाली," बायको म्हणाली, आणि घमेलं आपटून खोलीत निघून गेली.

पाचव्या दिवशी मातीचे नमुने घ्यायला सरकारी खात्याची मॅडम आली. बारीक चणीची, पायात गमबूट, खांद्याला बाटल्यांची पेटी. रजिस्टरमध्ये स्वतःहून सही करणारी ती पहिलीच. आत येऊन बघते तर दोन म्हातारी माणसं निळ्या हातांनी खणतायत.

"काका, हे काय चाललंय?"

"साफसफाई. सव्वीस दिवस राहिलेत."

ती हसली. मग त्याचा चेहरा बघून हसायची थांबली. "असं नसतं हो ते! यंत्रं लागतात. आणि हातमोजे न घालता... काकू, आधी तो टिकाव घ्या त्यांच्याकडून." ती ढिगाशी बसली, चिमूटभर माती बाटलीत भरली. "कंपनी म्हणते, कारखाना चालू असताना सगळा गाळ दर शनिवारी ट्रक भरून बाहेर पाठवला. पावत्या आहेत त्यांच्याकडे, दोनशेच्या वर. मग ही माती एवढी निळी कशी?"

चार्ज फावड्याला चिकटलेली माती खरवडायला लागला.

"बोला की," बायको म्हणाली.

"ट्रक रिकामे जायचे," तो खाली बघत म्हणाला.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"ताडपत्री उघडून बघायचो. बघितल्याशिवाय मी लिहीत नाही."

"लिहिलंय?" मॅडम उठून उभी राहिली. "कुठे?"

"रजिस्टरमध्ये. आणखी कुठे लिहिणार?"

"आणि हे इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाहीत?"

"लिहिलं," तो म्हणाला.

"लिहिलंत. बोलला नाहीत," बायको म्हणाली. त्या दिवशी तिने चहाचा पेला त्याच्या हातात दिला नाही, शेजारी ठेवला.

मॅडमने सांगितलं, सुनावणीला सगळी रजिस्टरं घेऊन या. चार्जने सांगितलं, चार्ज सोडून येता येत नाही. तिने समजावलं, बायकोला बसवा तेवढ्यापुरतं. बायको म्हणाली, "मी बसले तर ताबा माझ्याकडे. उद्या मला नोटीस." त्यात चूक काढता येईना. शेवटी चार्जने अर्ज केला की मी गेट सोडू शकत नाही, तरी सुनावणीनेच इकडे यावं. आणि आश्चर्य असं की सुनावणी आली. सुनावणीच्या साहेबांना ती निळी गाय बघायची होती म्हणे, जाता जाता हेही उरकून घेऊ असा विचार.

पत्र्याच्या शेडमध्ये टेबल मांडलं. टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली वीट. साहेब साठीला आलेले, शांत, सारखा चष्मा पुसायची सवय. कंपनीचे वकील तरुण, काळा कोट, पायात आरशासारखे बूट. गेटवर चार्जने सगळ्यांना थांबवलं.

"नाव, वेळ, कोणातर्फे, कारण."

"अहो, मी सुनावणी घेणारा आहे," साहेब म्हणाले.

"तेच लिहा की कारणात."

साहेबांनी लिहिलं. मॅडमने लिहिलं. वकील घड्याळ बघत होते, त्यांनी न बघता खरडलं आणि पेन फेकल्यासारखं ठेवलं. पेनला दोरी होती, ते हेलकावे खात राहिलं. नेमका त्याच वेळी संडासाकडून हातभरराव आला, आणि सगळ्यांसमोर त्याला बाहेर पडल्याची वेळ सांगावी लागली.

वकिलांनी सुरुवात झोकात केली. "साहेब, हा माणूस रोज सकाळी स्वतःच्या अक्षरात लिहितो, ताबा माझ्याकडे. एकदा नाही, चार हजार वेळा. याहून स्वच्छ कबुली जगात मिळणार नाही."

"म्हणजे हे रजिस्टर खरं आहे असं तुमचं म्हणणं?" साहेबांनी विचारलं.

"शब्दन् शब्द. कारखाना सुरू झाल्यापासूनच्या सगळ्या प्रती आम्हीच हजर केल्यात."

"सगळं वाचलंय?"

"अर्थात," वकील म्हणाले. त्यांनी शेवटचा महिना वाचला होता. बाकीची पाकिटं हेड ऑफिसातल्या कपाटात फोडलेलीही नव्हती, तशीच गठ्ठा बांधून आणली होती.

मॅडमने एक जुनं रजिस्टर पुढे सरकवलं. साहेबांनी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं. "शनिवार. ट्रक आत, रिकामा. ट्रक बाहेर, रिकामा. ताडपत्री उघडून पाहिली." पान उलटलं. "शनिवार. ट्रक आत, रिकामा. ट्रक बाहेर, रिकामा. ड्रायव्हर म्हणाला, उगाच फेरी." आणखी पान उलटलं. "शनिवार. ट्रक बाहेर, रिकामा. आत एक कोंबडी होती, उतरवून घेतली."

"साहेब, वॉचमनला काय कळतं ट्रकमध्ये काय आहे ते!" वकील म्हणाले.

"कोंबडी कळली की."

वकिलांनी घाम टिपला. "रजिस्टरचा हा भाग... म्हणजे त्यावर विसंबता येणार नाही."

"आत्ताच शब्दन् शब्द खरा होता," साहेब म्हणाले, आणि चार्जकडे वळले. "ट्रक रिकामे गेले. मग गाळ गेला कुठे?"

चार्ज हात मागे बांधून उभा होता. निळी नखं मुठीत लपवलेली. शेडमध्ये माश्या घोंघावत होत्या. बायको दारात उभी होती. या वेळी ती मुद्दाम बोलली नाही.

"बॉयलरच्या मागे," तो म्हणाला. साहेबांनी कान पुढे केला, म्हणून त्याने परत सांगितलं. "बॉयलरच्या मागे मोठा खड्डा आहे साहेब, त्यात. वर सिमेंट ओतलं. मी मॅनेजरसाहेबांना विचारलं होतं, हे इथे कशाला? ते सगळ्यांसमोर म्हणाले, तू गेट बघ. मग मी गेट बघितलं." तो थांबला. "खड्डा गेटच्या आत होता, म्हणून रजिस्टरमध्ये नाही आला. तेवढं चुकलं माझं."

साहेबांनी चष्मा पुसला. मग त्यांनी सांगितलं की घाण ज्याने केली त्यानेच साफ करायची, म्हणजे कंपनीने. वॉचमन हा नोकर. त्याचा ताबा म्हणजे मालकाचाच ताबा. नोटीस रद्द, घरावरची जप्ती रद्द. कंपनीने आजच्या आज चार्ज घ्यावा.

"पण साहेब, कंपनी मालक नाहीच!" वकील उभे राहिले. "जागा विकलीय. मी इथे मालकातर्फे आलेलोच नाही."

साहेबांनी आजचं पान उघडलं, बोट ठेवलं. वकिलांच्या घाईच्या अक्षरात, 'कोणातर्फे' या रकान्यात लिहिलं होतं: 'मालकातर्फे.'

"हे अक्षर कोणाचं?"

वकील खाली बसले. टेबलाखालची वीट सरकली आणि साहेबांचा चहा वकिलांच्या कागदांवर सांडला.

चार्ज द्यायचा म्हणजे नुसती सही नव्हे. चार्जने नोकरीला लागतानाची जुनी यादी काढली. किल्ल्या चौदा. शिट्टी एक. आगीच्या बादल्या चार, पैकी एक बिनबुडाची. टॉर्च एक, बंद. मग हद्द दाखवायला नऊ एकरांची फेरी. वकील म्हणाले, याची काय गरज? चार्ज म्हणाला, "बघितल्याशिवाय घेऊ नका साहेब. मी तसाच घेतला होता." फेरी संपली तेव्हा आरशासारखे बूट घोट्यापर्यंत निळे झाले होते. शेळ्या त्यांच्याकडे आपुलकीने बघत होत्या.

वकिलांचं पेन चालेना. दुसरंही चालेना. "पेन्सिलीनं करू का?" त्यांनी आशेने विचारलं. चार्जने दोरीचं पेन पुढे केलं. त्याने स्वतः लिहिलं, 'चार्ज दिला: मी.' पुढचं वकिलांनी लिहिलं, एकेक अक्षर दाढ काढल्यासारखं: 'चार्ज घेतला. ताबा माझ्याकडे.' आणि थांबले.

"सर्व ठीक," चार्जने आठवण केली.

"ते नाही लिहिणार," वकील म्हणाले.

"नका लिहू. मीही उगाच लिहीत होतो."

बायकोने तोवर हातगाडी भरली होती. एक ट्रंक, दोन गाद्या, भांडी, कळशी, आणि अकरा बादल्यांतली भाजी. वर जुनी चादर बांधलेली. तिने बोअरच्या नळाकडे एकदा बघितलं आणि तो घट्ट बंद केला.

बाहेर खणखण ऐकू आली. कंपनी जागा साफ करून देणार ही बातमी साहेबांची गाडी निघायच्या आत गावभर झाली होती. भिंतीच्या जुन्या भोकांत कोणीतरी 'नियोजित मैदान' परत ठोकत होतं. आणि हातभरराव पहारीने खांब उपटून आत येत होता, तीस हात तर आलाच होता, पुढचेही मोजत होता.

"हातभरराव, माती अजून साफ व्हायचीय!" चार्ज ओरडला.

"होईल की! तोवर जागा धरून ठेवतो."

वकील एकदम उठले. दोरीचं पेन हातात घेऊन, दोरी ताणेल तितके पुढे आले. "तुमचा ताबा आहे का तिथे?" त्यांनी फार गोड आवाजात विचारलं. "नुसती एक सही करा."

हातभरराव हातात खांब घेऊन थिजला. त्याने पेनकडे बघितलं, निळ्या बुटांकडे बघितलं, खांब हळूच खाली ठेवला. "मी? मी आपला माझ्या खाजगी कामाला आलोय," तो म्हणाला. "लिहा. रोजच्यासारखं."

चार्जने हातगाडी गेटशी आणली आणि थांबला. सवयीने. बायको म्हणाली, "आता काय?" तो म्हणाला, "नोंद व्हायचीय." खिडकीत वकील बसले होते, रजिस्टर पुढ्यात ओढलेलं.

"इसम दोन, बाहेर," ते लिहीत म्हणाले. "शेळ्या दोन. हातगाडी एक." मग रकान्यावर अडखळले. "रिकामी लिहू की भरलेली?"

चार्जने चादरीची गाठ सोडली आणि तो बाजूला उभा राहिला.

"या बाहेर," तो म्हणाला. "उघडून बघा, मग लिहा."